पोच मिळाली तरच फेरी झाली: ठाण्यात सायकलवर कागदपत्रं पोचवण्याचं काम

नौपाड्यातल्या एका सीएच्या ऑफिसात मी ‘बाहेरची कामं’ करायला लागलो तेव्हा सायकल ऑफिसची होती आणि तिचं मागचं मडगार्ड सुतळीनं बांधलेलं होतं. काम काय ते कोणी नीट सांगितलंच नाही. "हे पाकीट वागळे इस्टेटला देऊन ये," एवढंच. दिलं आणि आलो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "पोच कुठंय?" पोच म्हणजे पाकीट मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती. अशी वस्तू असते हे मला तेव्हा कळलं. आज आम्ही तिघं मिळून स्वतःचं हेच काम करतो. वकील, सीए, दातांच्या लॅब, चष्म्याची दुकानं अशी गिऱ्हाइकं आहेत. नवीन मुलगा आला की त्याला जे तोंडी सांगतो, ते इथं लिहून काढतोय.

लोकांना वाटतं हे वेगाचं काम आहे. स्टेशनपासून वागळे इस्टेटपर्यंत तुम्ही जीव तोडून पायडल मारलंत तर रमतगमत जाणाऱ्यापेक्षा चार-पाच मिनिटं वाचतील. मग गेटवर नाव लिहा, वरचा फोन लागत नाही, लिफ्ट खाली येत नाही, साहेब मीटिंगमध्ये, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली जेवायला गेलेल्या मॅडमकडे. यात पंचवीस मिनिटं सहज जातात. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात सायकल चालवण्यापेक्षा सायकल स्टँडवर लावल्यानंतरचंच जास्त आहे.

आधी गिऱ्हाईक, मग सायकल

जेवणाच्या किंवा किराण्याच्या ॲपवर सायकलनं काम करता येतं, पण ते काम वेगळं. तिथं रस्ता, दर आणि वेळ ॲप ठरवतं, आणि पोच म्हणजे ओटीपी. इथं गिऱ्हाईक तुम्हाला चेहऱ्यानं ओळखतं आणि चूक झाली तर त्याच चेहऱ्याला बोलावून विचारतं. दोन्हींत बरं-वाईट आहे.

सगळं ऑनलाइन झालं, आता कागद कोण पाठवतो, असं मलाही वाटलं होतं. झालं उलटंच. कंपनीची विवरणपत्रं ऑनलाइन भरायची तर डिजिटल सही लागते, ती सही एका पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, आणि ते टोकन मालकाच्या ड्रॉवरमधून सीएच्या टेबलावर हातानंच न्यावं लागतं. ३१ ऑक्टोबर जवळ आला की आम्ही पाकिटांपेक्षा टोकनंच जास्त फिरवतो.

वकिलांचं काम कोर्टाच्या वेळेवर चालतं: साडेदहाच्या आत फाइल कोर्ट नाक्यावर हवी. चष्मेवाल्यांचं काम शांत असतं, फ्रेम घ्यायची आणि काच बसवणाऱ्याकडे द्यायची. दातांच्या डॉक्टरांचं मात्र जपून करायचं. कवळीसाठी घेतलेलं माप अल्जिनेटचं असेल तर ते सुकलं की आकसतं, आणि मग कवळी तोंडात बसत नाही. ते ओल्या टिश्यूत गुंडाळून, बंद पिशवीत घालून, वाटेत दुसरं काम न करता सरळ लॅबला न्यायचं. सिलिकॉनचं माप तेवढं नाजूक नसतं. घेताना डॉक्टरांना विचारायचं, "अल्जिनेट का?" या एका प्रश्नावर मला दोन दवाखाने कायमचे मिळाले.

रोकड, सोनं आणि रक्ताचे नमुने आम्ही घेत नाही. नमुन्यांना थंड डबा आणि शिकलेला माणूस लागतो. आत काय आहे ते सांगायला कोणी नकार दिला तर तेही पाकीट घ्यायचं नाही, मग शेठ कितीही जुने असोत.

ठाणे किलोमीटरनं मोजू नका

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, आणि त्या रुळांनी शहराचे दोन भाग केले. पुढं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं पश्चिमेचे आणखी दोन केले. त्यामुळं सायकलवाल्यासाठी ठाण्याचे तीन पट्टे आहेत: रुळांच्या पूर्वेला कोपरी, रूळ आणि हायवे यांच्यामध्ये नौपाडा, चरई, उथळसर, पाचपाखाडी, आणि हायवेपलीकडं वागळे, वर्तकनगर, पोखरण रोड. पट्ट्याच्या आत काम भराभर होतं. वेळ खाते ती ओलांडणी. तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा यांपैकी कुठल्या तोंडातून हायवे पार करायचा हे घरातून निघतानाच ठरवायचं. चरईतून उथळसरला जाणं आणि कोपरीहून लुईसवाडीला जाणं यांत अंतराचा फरक असेल तेवढा असो. खरा फरक हा की दुसऱ्यात दोन ओलांडण्या आहेत.

पाकिटं लावताना पिनकोडचे शेवटचे दोन आकडे बघा. ०१ आणि ०२ म्हणजे स्टेशन-नौपाडा, ०३ कोपरी, ०४ वागळे, ०६ जेकेग्राम-वर्तकनगर, १५ कासारवडवली. घोडबंदर रोडचं काम मी सायकलवर घेत नाही. अंतर स्टेशनपासून दहा-एक किलोमीटर आहे, ते जमतं; पण बाजूनं घासून जाणारे कंटेनर जमत नाहीत.

शहर खाडीकडून येऊरच्या डोंगराकडं चढत जातं. म्हणून उपवन-पोखरणची पाकिटं सकाळी, पायात दम असताना द्यायची. परतताना उतार मिळतो.

वागळे इस्टेटमध्ये नवखा माणूस हमखास चुकतो. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली तेव्हाची ही वसाहत, आणि पत्ते अजून प्लॉट नंबरवर चालतात. ‘रोड नंबर १६’ एवढ्यावर निघू नका. प्लॉट नंबर, गाळ्याचं नाव आणि एक खूण हे तिन्ही फोनवर विचारून घ्या. नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट कळला की काम झालं, तिथल्या पोरांचा मला हेवा वाटतो. वाशीचं पाकीट आलंच तर सायकल ठाण्यात ठेवायची आणि ट्रान्स-हार्बर लोकलनं जायचं. ऐरोलीच्या पुलावर सायकल घालून दाखवायची गरज नाही.

सायकल

जुनी काळी डबलबार मिळाली तर लोखंड उत्तम असतं, पण तिचे दांड्याचे ब्रेक पावसात नावापुरतेच राहतात. २६ इंची, बिनगिअरची, पुढं शॉकअप नसलेली साधी सायकल घ्या. शॉकअप खड्ड्यापेक्षा तुमचाच जोर जास्त खातो. टायर मध्यम जाड, पण दातेरी नको. मागं दणकट कॅरिअर, दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड. साध्या कुलपापेक्षा साखळी आणि गोदरेजचं कुलूप बरं. सीट पटकन निघणारी असेल तर त्या जागी नट-बोल्ट बसवून घ्या. कोर्ट नाक्यावर माझी सीट गेली होती. उभ्यानं पायडल मारत चरईपर्यंत आलो.

न्यूयॉर्कचे मेसेंजर, म्हणजे सायकलवर पाकिटं पोचवणारे, फिक्स्ड गिअरच्या सायकली वापरायचे हे मोबाइलवर बघून एक मुलगा तसली सायकल घेऊन आला. त्या सायकलला फ्रीव्हील नसतं, चाक फिरतंय तोवर पायडल फिरत राहतं, वेग पायांनीच कमी करायचा. सुटे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी; तिकडं त्याला अर्थ आहे. गोखले रोडला स्पीडब्रेकर, उखडलेला पेव्हर ब्लॉक आणि मधेच उघडलेलं रिक्षाचं दार यांतून जाताना पाय स्थिर ठेवून तोल सावरावा लागतो, तिथं फिरतं पायडल ब्लॉकवर आपटतं. दोन आठवड्यांत त्यानं फ्रीव्हील बसवलं. पुढचा ब्रेक मात्र त्यानं पहिल्या दिवशीच लावला होता, एवढी अक्कल होती.

सायकलला लायसन्स, नोंदणी, पीयूसी काही लागत नाही. पण घंटी, मागं लाल दिवा आणि डोक्याला हेल्मेट हवंच.

पिशवी आणि खुणा

मेसेंजर लोकांची एका पट्ट्याची तिरकी पिशवी फॅशनमुळं आलेली नाही. ती खांद्यावरून न काढता छातीवर फिरवता येते, सायकलवर बसल्या बसल्या पाकीट निघतं. आमच्याकडं मुलं पाठीवरची सॅक वापरतात आणि प्रत्येक गेटवर ती काढतात-घालतात. एकदा मोजून बघा, दिवसातून किती वेळा.

खुणांची पद्धत डबेवाल्यांकडून घेतली. १८९० पासून चालत आलेलं ते काम. झाकणावरच्या दोन-चार अक्षरांत डबा कुठून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरायचा, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर जायचा ते सगळं असतं. पूर्ण पत्ता लिहिलेला नसतो, कारण धावपळीत पत्ता वाचत बसायला सवड नसते. आम्ही पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितो: ‘०४-आ-३-मू’. म्हणजे वागळे, इमारतीचं पहिलं अक्षर, तिसरा मजला, आणि आत मूळ कागद आहेत. ‘मू’ असेल ते पाकीट वाटेत चहाला थांबताना टेबलावर ठेवायचं नाही, मांडीवर ठेवायचं. पिशवीत शेवटी द्यायचं पाकीट सगळ्यात आत.

गेट

शेवटच्या सिग्नलला असतानाच वर फोन करा: "पाच मिनिटांत गेटवर येतोय, सही कोण करणार?" या एका फोननं अर्धं काम होतं. गेटवर जाऊन फोन केला की समोरचा माणूस तेव्हा कुठं शोधाशोध सुरू करतो.

सायकल गेटच्या बाहेर, पण वॉचमनच्या नजरेत लावा. कॉलरचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हेल्मेट काढून हातात. "मामा, तिसऱ्या मजल्यावर सही घ्यायचीय, आलोच." सायकलकडं लक्ष ठेवा असं सांगायचं नाही, ते ओझं होतं, पण रोज नमस्कार करणाऱ्याच्या सायकलकडं आपोआप लक्ष जातं. दिवाळीला चिवड्याचं पाकीट वॉचमनला आधी, साहेबांना नंतर.

रजिस्टरमध्ये नाव लिहिताना आत जाण्याची वेळ स्वच्छ लिहा. पोरं इथं काहीतरी खरडतात. ते रजिस्टर तुमच्या कामाचा साक्षीदार आहे. कसा, ते पुढं सांगतो.

नव्या टॉवरांमध्ये ‘डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टनं जावं’ अशी पाटी असते, आणि सर्व्हिस लिफ्टमधून त्याच वेळी कोणाचं तरी कपाट वर जात असतं. माझ्या मते हा माज आहे. पण वॉचमनशी भांडू नका, नियम त्यानं केलेला नाही. थांबलेली वेळ लिहून ठेवा आणि बिलात लावा. पाकिटाची वाट बघणाऱ्यांनाच पाकीट आणणारा नकोसा होतो, हे ठाण्यातच घडतं असंही नाही. १९८७ साली न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी फिफ्थ, पार्क आणि मॅडिसन या मॅनहॅटनच्या मधल्या भागातल्या तीन रस्त्यांवर कामाच्या दिवशी सकाळी दहा ते चार सायकलींना बंदी जाहीर केली होती. ज्या ऑफिसांची पाकिटं त्या सायकलींवर होती ती त्याच भागात होती. मेसेंजर रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं आणि बंदी टिकली नाही.

पोच

आता मुख्य काम.

प्रत्येक पाकिटाबरोबर देणाऱ्याकडून दुसरी प्रत किंवा कव्हरिंग पत्राची झेरॉक्स घ्या. नसेल तर आपल्या पोचवहीत लिहा: कोणाकडून, कोणाला, किती पाकिटं, मूळ की झेरॉक्स. वही जाड पुठ्ठ्याची, पानांना नंबर घातलेले.

घेणाऱ्याकडून पाच गोष्टी हव्यात: शिक्का, सही, तारीख, वेळ आणि सही करणाऱ्याचं वाचता येईल असं नाव. शिक्क्यावर तारीख असते, वेळ नसते. ती हातानं लिहून घ्या, तीही त्यांच्याच अक्षरात. "मॅडम, तेवढी वेळ टाकता का?" असं हसून म्हटलं की बहुतेक जण टाकतात. काही ठिकाणी ‘मजकूर न तपासता स्वीकारले’ असं लिहून देतात, त्याला हरकत घेऊ नका. पाकीट मिळालं एवढंच आपल्याला सिद्ध करायचंय.

शिक्का द्यायला नकार मिळाला तर पाकीट ठेवून यायचं नाही. तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावा, पलीकडच्याशी बोलणं करून द्या. तरीही नाही म्हणाले तर वहीत लिहा: ‘घेण्यास नकार’, वेळ, नकार देणाऱ्याचं नाव किंवा निदान हुद्दा, आणि पाकीट परत न्या. वॉचमनकडं पाकीट ठेवायचं झालं तर गिऱ्हाइकाचा तसा मेसेज फोनवर आल्यावरच.

पोच मिळाल्यावर गेटबाहेर येऊन पहिलं काम फोटो काढून पाठवणं. मग सायकलचं कुलूप. हा क्रम बदलू नका.

एकदा पाचपाखाडीतल्या एका सोसायटीत रंगकामाची निविदा दिली. मुदत पाच वाजेपर्यंत होती, मी साडेचारला दिली, शिक्का घेतला, वेळ लिहून घेतली नाही. पुढच्या आठवड्यात कमिटीचं म्हणणं, पाकीट सहानंतर आलं. आमच्या गिऱ्हाइकाचं काम जाणार होतं. शेवटी गेटवरच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात ४.२५ सापडलं आणि निविदा उघडली गेली. काम त्यांना मिळालं नाही, दर जास्त होता. पण त्या गिऱ्हाइकानं आम्हाला सोडलं नाही.

सरकारी कार्यालयात जायचं असेल तर आवक टेबल, म्हणजे बाहेरून आलेले कागद घेतात ते, कुठं आहे ते आधी विचारा, साहेबांच्या केबिनकडं जाऊ नका. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. ती वेळ पाटीवरची. मी आवकच्या कामाला साडेदहा ते एक आणि तीन ते साडेचार हेच तास धरतो. जेवणाच्या सुट्टीत रांगेत उभं राहण्यापेक्षा तेवढ्यात चष्मेवाल्यांची एक फेरी होते.

पाऊस

जून ते सप्टेंबर हे काम दुप्पट कठीण असतं आणि मागणीही दुप्पट, कारण ऑफिसातला शिपाई बाहेर पडायला तयार नसतो. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की पाणी खाडीकडं उतरत नाही. अशा दिवशी वंदना टॉकीजचा भाग आणि विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता धरूच नका. पाणी चाकाच्या एक्सलपर्यंत आलं की उतरा, सायकल पुढं ढकलत चाला. खाली झाकण उघडं असेल तर आधी चाक जाईल, पाय नाही. मेट्रोच्या कामावरचे लोखंडी पत्रे, गटारांची झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे यांवर ब्रेकही नाही आणि वळणही नाही. रिम ओली असली की पहिला ब्रेक पाणी पुसण्यातच जातो, म्हणून लवकर आणि दोनदा दाबा.

रेनकोट शर्ट-पॅंटचा घ्या, पोंचो चाकात जातो. गमबुटात पाणी साठतं, सँडल बऱ्या. पाकीट आधी प्लॅस्टिकमध्ये, तोंड खाली दुमडून, मग दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये, मग पिशवीत. पोचवहीला वेगळी पिशवी. सहीसाठी बॉलपेन स्वतःचं द्या. समोरच्यानं जेलपेननं सही केली आणि वर एक थेंब पडला की सही गेली. आणि पिशवीत एक सुका पंचा: पाकीट काढण्याआधी हात पुसायला. ओल्या हाताचा डाग पडलेलं पाकीट बघून मॅडमच्या चेहऱ्यावर जे येतं, ते महिनाभर जात नाही.

पैसे आणि विमा

आमचा दर असा: एका पट्ट्याच्या आत ४० रुपये, दर ओलांडणीला २० जास्त, आणि गेटवर दहा मिनिटांवर थांबावं लागलं तर पुढच्या दर दहा मिनिटांना १०. थांबण्याचे पैसे लावायला सुरुवातीला लाज वाटते. लावा. लावल्यापासून आमच्या तीन गिऱ्हाइकांनी पलीकडं आधी फोन करून ठेवायला सुरुवात केली. बिल महिन्याचं, पाच तारखेच्या आत; दोन महिने थकलं तर पाकीट घेणं थांबवायचं.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून घ्या. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. मे अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, वर्ष १ जूनला सुरू होतं. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवरही नोंदणी करून ठेवा. हात मोडला तर घर चालायला यांतलं काही उपयोगी नाही, त्यासाठी आम्ही तिघं महिन्याला थोडे पैसे एका डब्यात टाकतो.

पंक्चर स्वतः काढता यायला हवं: दोन टायर लिव्हर, सोल्यूशन, पॅच, पॉलिशपेपर, छोटा पंप. पॅच लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा खिळा शोधा, नाहीतर शंभर पावलांवर पुन्हा बसाल. रिमचा आऊट, कोन आणि छर्रे सायकलवाल्या काकांकडं सोपवा.

रविवारची शर्यत

मेसेंजर लोकांची एक शर्यत असते, ॲलीकॅट म्हणतात. १९८९ मध्ये टोरंटोला सुरू झाली. रस्ता ठरलेला नसतो. हातात ठिकाणांची यादी देतात, क्रम तुम्ही लावायचा, प्रत्येक ठिकाणी जाऊन आल्याची खूण आणायची. त्यांचं जागतिक अजिंक्यपदही भरतं, पहिलं १९९३ मध्ये बर्लिनला झालं. नवीन मुलाला शिकवायला मला याहून चांगली पद्धत सापडली नाही. वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी सात वाजता, रहदारी वाढायच्या आत, सिग्नल पाळून.

मागच्या वेळची यादी: कौपिनेश्वराच्या बाहेरच्या फुलवाल्याकडून चिठ्ठीवर सही, गडकरी रंगायतनच्या पुढच्या प्रयोगाची वेळ लिहून आणणे, रायलादेवी तलावावर बसलेल्या आमच्या माणसाकडून शिक्का, उपवनला दुसरा शिक्का, कोपरीत एका ओळखीच्या किराणा दुकानाचं बिल. शेवट मामलेदार मिसळीच्या दारात. नव्या मुलानं कोपरी आधी उरकली, मग कौपिनेश्वर, रंगायतन, हायवे पार, रायलादेवी, उपवन आणि मग सगळा उतार. आमच्यातला जुना गडी आधी उपवनला गेला आणि कोपरीसाठी शेवटी पुन्हा रूळ ओलांडत बसला. नवा मुलगा नऊ मिनिटं आधी आला, घामानं निथळत, आणि खिशातून चिठ्ठ्या काढल्या. रायलादेवीचा शिक्का घामानं पसरून निळा डाग झाला होता, तारीख वाचता येत नव्हती. त्याला दुसरा नंबर दिला. मिसळीचे पैसे त्यानंच भरले, आणि सोमवारी कामावर येताना प्लॅस्टिकची पिशवी आणली.